न पेटणारी चूल

वर्धा रोडवरच्या एका नव्या इमारतीत आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने सदनिका घेतली आणि वास्तुशांतीला आम्हा सर्वांना बोलावले. दिवाणखाना, झोपण्याच्या खोल्या पाहून झाल्या, तशा त्या मोठ्या कौतुकाने आम्हांला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. खरी गंमत तिथेच आहे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. गंमत होतीच. एका कोपऱ्यात चूल होती. सिमेंटची, वरून मातीचा रंग दिलेली, शेजारी वैलासकट. तिच्या पोटात विजेचा तांबडा दिवा बसवला होता. बटण दाबले की निखारे फुलल्याचा भास होई. चुलीवर पितळेचा गुंड, भिंतीवर सूप, सुपावर वारली चित्रे, छतापासून लोंबणारे दोन कंदील आणि खाली जाते. जात्याच्या ज्या तोंडात दाणे टाकायचे त्या तोंडातून मनीप्लँटची वेल वर आलेली. स्वयंपाक अर्थातच समोरच्या ओट्यावर, गॅसवर. आणि गॅसच्या डोक्यावर धूर ओढून घेणारी विजेची चिमणी. जिथे धूर नाही तिथे चिमणी आणि जिथे चूल तिथे धूर नाही, अशी ती सारी व्यवस्था.

"अगदी आजीच्या घरी आल्यासारखं वाटतं," आमच्यातले एक ज्येष्ठ सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मान डोलावण्याची ही सवय आपल्या पिढीला नोकरीबरोबरच लागते. पण तेवढ्यात माझी नजर खिडकीच्या कठड्यावर गेली. तिथे स्टीलचा एक पेला आणि कान तुटलेला एक कप, बाकीच्या भांड्यांपासून दूर, पालथे घातलेले होते. ते कोणाचे, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. माझी आई पश्चिम नागपुरातल्या चार घरची धुणीभांडी करायची. त्या घरांतल्या एका कठड्यावर तिचाही कप असाच पालथा असे.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतले. "मॅडम, तुमच्या गावाकडे असेल ना असं काही जुनं? उखळ, पाटा, काहीही. तुम्ही लोक टाकून देता हो. मी योग्य ती किंमत देईन."

हा प्रसंग मी लिहीत आहे तो बाईंवरचा राग काढण्यासाठी नव्हे. त्या मनाने वाईट नाहीत. माझ्या प्रबंधाच्या वेळी त्यांनी स्वतःची पुस्तके मला महिनोन्‌महिने वापरू दिली आहेत. प्रश्न एका बाईंचा नाहीच. नागपुरात आज फर्निचरच्या दुकानात, लग्नाच्या लॉनवर, अमरावती रोडच्या ढाब्यांवर, जिकडे पाहावे तिकडे हे 'गावरान' अवतरले आहे. तेव्हा त्याचा अर्थ लावला पाहिजे.

वाङ्मयीन नियतकालिकात स्वयंपाकघराच्या सजावटीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की सजावट हेही एक कथन असते. कथेत लेखक काय घेतो, काय गाळतो, कोणाला बोलू देतो आणि कोणाला मुके ठेवतो, यावरून त्याची मूल्यदृष्टी कळते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काय टांगले गेले आणि काय टांगले गेले नाही, यावरूनही ती तशीच कळते. त्या स्वयंपाकघरात चूल होती, पण फुंकणी नव्हती. जाते होते, पण दळण नव्हते. पऱ्हाट्या नव्हत्या, तुराट्या नव्हत्या, गोवऱ्या नव्हत्या. काजळीने काळी झालेली भिंत नव्हती. पाणी भरण्याचा गुंड होता, पण पाणी कुठून भरायचे आणि कोणी भरायचे नाही, हा प्रश्न नव्हता. आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न होता. तो खिडकीच्या कठड्यावर पालथा घातलेला होता.

मराठीत स्मरणरंजन हा शब्द चांगला आहे. त्यात स्मरण आहे आणि रंजनही आहे. पण रंजन व्हायला स्मरणातले घर आपल्याला मोकळे असावे लागते. 'आजीचे घर' म्हणून जे उभे केले जाते ते कोणाच्या आजीचे? माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, सोवळ्याचे पाणी, फडताळात घासूनपुसून ठेवलेले पितळ. त्या स्वयंपाकघरात आमच्या आज्यांना प्रवेश नव्हता. प्रवेशाचे सोडा, पितळेवरही अधिकार नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भाषणात जी उदाहरणे दिली आहेत, त्यात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावचे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रियांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणायला सुरुवात केली. एवढाच त्यांचा गुन्हा. अस्पृश्यांनी धातूचे भांडे वापरणे हा आपला अपमान आहे असे समजून सवर्णांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. महाडच्या तळ्यावरचा संग्राम १९२७ चा. त्यानंतर आठ वर्षांनी ही घटना घडली. म्हणजे पाण्याइतकेच पाण्याचे भांडेही लढ्याचा विषय होते, हे या ठिकाणी लक्षात घेतले पाहिजे. जो गुंड आज दिव्याच्या प्रकाशात शोभेला ठेवला जातो, तो डोक्यावर घेतला म्हणून आमच्या बायांनी मार खाल्ला आहे.

नागपूरपासून भंडारा फार दूर नाही. भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांचे शहर अशी. स्टील आले, त्याआधी जर्मन आले, आणि तिथल्या कारागिरांचा धंदा बसत गेला. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम; हा शब्द नव्या पिढीला सांगावा लागतो. आमच्या वस्तीत जर्मनचा गंज, जर्मनची परात, जर्मनची थाळी. वजनाला हलके, पैशाला हलके, पडले की पोचा. आजकाल जुन्या वस्तूंची दुकाने मी मुद्दाम पाहत असते. पितळ मिळते, तांबे मिळते, कासे मिळते, चिनी मातीच्या बरण्या मिळतात. जर्मनचा पोचे पडलेला गंज एकाही दुकानात मला दिसलेला नाही. तोही जुनाच आहे. पण त्याला जुनेपणाचे मोल नाही, तो फक्त मोडीत जातो. तेव्हा 'जुने' हा शब्द दिसतो तेवढा निरागस नाही. कोणाच्या घरचे जुने, हे त्यात आधीच ठरून गेलेले असते. मडक्याचे तर बोलायलाच नको. ते फुटते, आणि ज्यांचा संसार मडक्यांचा त्यांचा वारसाही फुटूनच जातो.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा दाखला इथे कोणी देईल, आणि तो देणे योग्यही आहे. केळकरांनी आयुष्यभर पायपीट करून अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दरबारी तलवारींच्या जोडीला घरातल्या बाईच्या हातची वस्तूही जपण्यालायक आहे, ही त्यांची दृष्टी मोठी होती. संग्रहालय आणि सजावट एक नव्हेत. संग्रहालयात वस्तू आपण वापरत नाही हे कबूल केलेले असते. सजावटीत ते लपवलेले असते. तरीही एक गोष्ट खरीच, की टिकते तेच संग्रहात येते, आणि टिकते ते धातूचे, नक्षीचे, वाड्यातले.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, माणसाएवढे सिमेंटचे पुतळे, प्रत्येक जण आपापल्या कामात मग्न. पुतळे घडवणाऱ्यांच्या हाताला दाद द्यावी असेच ते काम आहे. पण स्वयंपूर्ण, समाधानी खेडे म्हणून जे दाखवले जाते, त्याच खेड्याविषयी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब काय बोलले होते ते तिथून बाहेर पडताना आठवते. खेडे हा आदर्श नव्हे, ते अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे घर आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सिमेंटच्या गावात कोणी कोणाची सावली टाळत नाही. ते पुतळ्यांना शक्यही नसते.

श्रीमंतांनी खेडे खेळायला घेणे ही काही आपल्याकडचीच तऱ्हा नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत एक खोटे खेडेच बांधून घेतले होते. गवताच्या छपरांची घरे, दुग्धशाळा, तळे. वास्तुशिल्पी मीक याने भिंतींना मुद्दाम तडे गेल्यासारखे दाखवले होते. बाहेरून पडके, आत सगळे राजेशाही. काही वर्षांतच फ्रान्समधल्या खऱ्या खेड्यांत भाकरीचा दुष्काळ पडला, आणि पुढचा इतिहास विद्यार्थ्यांना पाठ असतो. मला त्या क्रांतीपेक्षाही ते रंगवलेले तडे जास्त आठवतात. माझ्या आईच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला की ती रात्री शेणामातीने बुजवायची. सकाळी कोणी आले तर दिसू नये म्हणून.

आणि याच विदर्भात, वर्ध्याजवळ, सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले आणि माती, बांबू, कवेलू यांतून त्या कुट्या उभ्या राहिल्या. त्या साधेपणाला मी सजावट म्हणणार नाही. तिथे चूल पेटत होती, आणि संडाससफाईही आश्रमवासीयच करीत. पण निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा यांत जे अंतर आहे, ते कितीही प्रामाणिकपणे निवडले तरी मिटत नाही. ज्याला केव्हाही मुंबईची गाडी पकडता येते त्याच्या झोपडीचे नाव कुटी. ज्याला येत नाही त्याची झोपडीच. आपल्या लोकांनी म्हणूनच गांधीजींचे खेडे नाकारून शहराची वाट धरली, आणि नागपूरच्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपले नवे दिवस सुरू केले. माझे आजोबा कुही तालुक्यातल्या गावातून एम्प्रेस मिलमध्ये आले ते गिरणीवरच्या प्रेमाने नव्हे. गावात पाटलाच्या विहिरीपासून दूर उभे राहायचे ते थांबावे म्हणून आले.

आमच्या घरी सजावट नव्हती असे मात्र कोणी समजू नये. उत्तर नागपुरातल्या आमच्या टिनाच्या खोलीत एक लोखंडी मांडणी होती. सणावाराला आणि विशेषतः चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी आई ती सगळी रिकामी करायची. राखेने आणि चिंचेने घासलेल्या थाळ्या उन्हात वाळवायची आणि मग एकीला एक टेकून, तोंडे बाहेर करून, उंचीप्रमाणे लावायची. मांडणीच्या कडेला वर्तमानपत्राच्या कातरलेल्या झालरी. चूल पांढऱ्या मातीने सारवलेली. वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी. दार उघडले की उन्हाची तिरीप थाळ्यांवर पडे आणि सगळी खोली चमके. आईला तेच सौंदर्य वाटे. मलाही वाटे. ही चमक नव्याची होती. स्टीलचा पहिला गंज घरात आला तेव्हा आईने दुकानदाराकडून त्यावर स्वतःचे नाव टाकून घेतले होते, बारीक बारीक ठिपक्यांनी. नावातली एक वेलांटी त्याने चुकवली. आईला वाचता येत नव्हते, त्यामुळे ते तिला अनेक वर्षे कळले नाही. मी तिसरीत गेल्यावर मीच ते शहाणपणाने सांगितले आणि तिचा चेहरा पडलेला पाहिला. घरातल्या कोणत्याही वस्तूवर लिहिले गेलेले ते पहिले नाव होते.

आमच्या सौंदर्यदृष्टीचा हा गाभा आहे असे मला वाटते. जे नवे आहे, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, जे उष्टे नाही, जे जुनेर म्हणून कोणी फेकलेले नाही, ते सुंदर. उतरलेली साडी, उतरलेले भांडे, उरलेले अन्न यांवर ज्यांनी पिढ्या काढल्या त्यांना जुन्याची ओढ कशी वाटावी? दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची चर्चा आपण कवितेच्या प्रतिमांवरून पुष्कळ केली. घरातल्या मांडणीवरून ती केली असती तर कदाचित लवकर स्पष्ट झाली असती. उच्चवर्णीय अभिरुचीला जुन्यात प्रतिष्ठा दिसते, कारण तिच्या जुन्यात प्रतिष्ठा होती. स्टीलला ती 'बाजारू' म्हणते. म्हणू द्या.

आता जात्याकडे येते, कारण तिथे प्रश्न असा सरळ राहत नाही.

बाईच्या अंगावर जाते म्हणजे काय होते, ते 'जिणं आमुचं' या आत्मकथनात बेबीताई कांबळे यांनी लिहून ठेवले आहे. कोवळ्या वयाच्या सुना, मध्यरात्र उलटून गेल्यावर दळायला उठवलेल्या, आणि उजाडण्याआधी भाकरीची चवड. ते वाचल्यावर जात्यातून मनीप्लँट काढणाऱ्याचा हात थरथरावा. चुलीचेही तेच. घरातल्या चुलीच्या धुराने आणि तशा प्रदूषणाने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये आणला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आणली. हे सारे बाईच्या छातीतला धूर कमी व्हावा म्हणून. जर्मनीत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार स्त्रीने १९२६ मध्ये कामगारांच्या वसाहतींसाठी 'फ्रांकफुर्ट स्वयंपाकघर' रचले, तेव्हा तिने मोजली ती बाईची पावले. ओट्यापासून शेगडीपर्यंत किती पावले वाचवता येतील ती. जवळजवळ दहा हजार घरांत ते बसवले गेले. त्यावरही पुढे टीका झाली, बाईला एकटीला कोंडले म्हणून. पण निदान पहिला प्रश्न कष्टांचा होता. सजावटीचा पहिला प्रश्न असतो की फोटोत कसे दिसेल.

एवढे म्हणून थांबता आले असते. पण जाते हे नुसते कष्टाचे साधन नव्हते, हेही तितकेच खरे. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रकाशित होत आहेत. त्यांत १९९६ साली माजलगावला ध्वनिमुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ज्या बायांना शाळा मिळाली नाही, सभेत बोलायला जागा मिळाली नाही, त्यांनी पहाटे दगडाच्या घरघरीवर भीमाचे नाव गुंफले. तो त्यांचा कागद होता. आता कागदावर प्रेम करायचे की कागद उचलायला लागणाऱ्या दगडाचा द्वेष करायचा? मला दोन्ही करावे लागते, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. सजावट मात्र त्या सहज सोडवते. ती कष्ट टाकते, ओवी टाकते आणि दगड घेते.

उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' असे नाव दिले (२००३). आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. त्यांची आई ती विणून घर चालवायची. सूप, टोपली, रोवळी यांच्यामागे बोटे कापलेली एक बाई असते हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवले. त्यानंतरही सूप भिंतीवर टांगले जाते आणि त्याखाली बुरडाच्या घरचा पत्ता नसतो, चित्रकाराची सही मात्र असते.

लग्नाच्या लॉनवरचे दृश्य मला याहून अवघड वाटते. तिथे चूल खरोखर पेटलेली असते, आणि सजावट झालेली असते बाईची. नागपूरकडची लांब रोटी सर्वांना ठाऊक आहे. गव्हाचे पीठ सैल भिजवायचे, आपटून आपटून त्याला तार आणायची, मग तो गोळा दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत झुलवत पातळ करायचा आणि पालथ्या तापलेल्या मडक्यावर टाकायचा. हे शिकायला वर्षे लागतात. हातावर चटक्यांचे डाग उठतात. आमच्या वस्तीतल्या बायांच्या हातचे हे कौशल्य. आता लॉनवाले त्यांना नऊवारी नेसायला लावून, नाकात नथ घालायला लावून, प्रवेशद्वारापाशी बसवतात. पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढतात. आमच्या घरामागे राहणारी एक मावशी हे काम करते. मी तिच्यापुढे माझे विश्लेषण मांडले. ती म्हणाली, "बाई, भांडे घासाच्यापेक्षा पैसे जास्त भेटते. नथीचा काय भार होते?" तिला उत्तर देणे मला जमले नाही. सावजी जेवणाची हॉटेले हलबा कोष्टी विणकरांनी माग बसल्यावर आपल्या घरच्या चवीवर उभी केली, पण तिथे गल्ल्यावर तेच बसले. रोटी करणारी मावशी गल्ल्यावर कधी बसेल, हा प्रश्न नथीपेक्षा मोठा आहे. तो मी तिला विचारायला हवा होता.

स्वयंपाकघराच्या लिखित परंपरेकडेही पाहावे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरी गेले. त्यात गैर काही नाही. माझ्या ओट्यावरही ते आहे. पण ज्या घरी तेल पळीने नव्हे, थेंबाने पडायचे त्या घरचे माप कोणी लिहिले? त्यासाठी २००९ साली शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राचे दलितांच्या अन्नस्मृतींचे पुस्तक यावे लागले, २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यावे लागले. आणि आमच्या नागपूरच्याच कौसल्या बैसंत्री यांचे 'दोहरा अभिशाप' (१९९९) हिंदीत आहे म्हणून मराठीच्या अभ्यासक्रमाबाहेर राहते, ही वेगळीच तक्रार. या पुस्तकांत चूल आहे, पण ती भुकेसकट आहे. तिच्यावर काय शिजले नाही, हेही त्यांत आहे.

आणि आता आपल्याकडे वळले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे सहकारी बाईंची नालस्ती ठरेल.

गेली काही वर्षे नियतकालिकांकडे आणि महाविद्यालयीन स्पर्धांकडे येणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या कविता मी परीक्षक म्हणून वाचते. त्यांत चूल आहे, माय आहे, भाकर आहे, करपलेले हात आहेत, धुराने भरलेले डोळे आहेत. लिहिणारी मुले बहुधा गॅसच्या घरात वाढलेली. त्याला माझी हरकत नाही. अनुभव वारशानेही येतो. हरकत अशी की या कवितांतली चूल पेटत नाही. तिच्या पोटातही तांबडा दिवाच बसवलेला असतो. पहिल्या पिढीच्या कवींनी चूल लिहिली तेव्हा तो आरोप होता. आरोपीकडे बोट दाखवलेले होते. आज तीच प्रतिमा टाळ्यांच्या खात्रीने कोपऱ्यात मांडली जाते. मायचे दुःख शोभिवंत होते आणि माय स्वतः काय म्हणते ते ऐकायचे राहून जाते. प्रस्थापितांनी आमची चूल दिवाणखान्यात नेली म्हणून रागवायचे, आणि आपण ती कवितेत नेऊन तेच करायचे, हे कसे चालेल? ज्या मुलीची आई आज एखाद्या इमारतीत अठरा मजले झाडते, तिने ते अठरा मजले लिहावेत. लिफ्टने जायला आईला परवानगी आहे की नाही, ते लिहावे.

वस्तू जपूच नयेत असे माझे म्हणणे नाही. काटोल रोडवर चिचोलीला शांतिवन आहे. नानकचंद रत्तू यांच्याकडून आलेले बाबासाहेबांचे कोट, टोपी, टाइपरायटर वामनराव गोडबोले यांनी तिथे जपले. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या संयोजनात राबलेला हा माणूस पुढे कपड्यांना कसर लागू नये म्हणून धडपडत राहिला. मी विद्यार्थ्यांना तिथे नेते तेव्हा ती कोटाच्या काचेपाशी बराच वेळ उभी राहतात. तो कोट कोणाचा हे तिथे विसरता येत नाही. तेवढाच फरक आहे, पण तो सगळा फरक आहे.

बाईंनी मागितलेली वस्तू आमच्याकडे आहे. आजीने गावाहून आणलेले जाते. आई त्यावर तुरीची डाळ भरडायची. ज्वारी चक्कीवर जाऊ लागली होती. २००३ मध्ये गॅस आला, डाळ दुकानातून येऊ लागली आणि जाते बाहेर गेले. त्याचा वरचा दगड आज आमच्या जुन्या घराची पायरी आहे आणि खालचा नळाजवळ, त्याच्यावर कपडे आपटतात. मी आईला बाईंचे बोलणे सांगितले. किंमत देणार आहेत, हेही सांगितले. ती आधी हसली.

"कायले पाह्यजे वं तिले?"

"शोभेला. स्वयंपाकघरात ठेवायला."

"घेऊन जाय म्हना. पैसे नको. पन एक पायली दयून दाखव म्हना पह्यले."

हा निरोप मी पोचवलेला नाही. पण त्या संध्याकाळी आई जमिनीवर बसली, एक पाय लांब केला, दुसरा दुमडला आणि मोकळ्या हवेत हात फिरवून दाखवू लागली. उजवा हात खुंट्याला, डावा हात घासाला. मुठीत दाणे किती घ्यायचे, घास मोठा झाला तर पीठ कसे जाडेभरडे पडते, टाकी लावायला वडारीण दारावर यायची तिला काय द्यायचे, आजीने कोणती ओवी म्हटली की आजोबा झोपेतच हुंकार द्यायचे, सगळे. हे तिने मला कधी सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक काम दिले. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला तिच्या स्वयंपाकाच्या जागेविषयी विचारायचे. भांडी कोणती, कोणी दिली, पाणी कुठून, सरपण कोणाच्या शेतातून, कोणाच्या घरी कोणत्या दारापर्यंत जाता यायचे. उत्तर तिच्याच बोलीत लिहायचे, प्रमाणभाषेत करायचे नाही. पहिली वही परवा आली. मुलगी उमरेडकडची. तिच्या आजीच्या घरी जाते नव्हतेच. दळण मालकाच्या ओसरीवर करायचे आणि त्याबद्दल त्याचेही दळून द्यायचे. वहीत शेवटी आजीने नातीला उलट प्रश्न विचारलेला आहे, तोही मुलीने लिहून घेतला आहे: "हे लिवून ठेवलं तं मार्क भेटते का?"